गुलाबी बोक्याचे गाव

कँटरबरी जगभर ओळखले जाते ते तिथल्या प्राचीन कॅथीड्रलमुळे. पण पन्नाशी-साठीला पोचलेले कितीतरी ब्रिटिश प्रवासी या शहरात आणि शेजारच्या लहानशा खेड्यात येतात, ते एका जुन्या कापडी बोक्याची आणि त्याला घडवणाऱ्या दोन माणसांची आठवण काढत.

लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकावरून सुटलेली वेगवान गाडी तासाभरात कँटरबरी वेस्ट स्थानकात येऊन थांबते. स्थानकाबाहेर पडून चार पावले चालले की वेस्टगेटचा जुना दगडी दरवाजा लागतो आणि त्यातून आत शिरले की शहराचा मुख्य रस्ता सुरू होतो. दोन्ही बाजूंना तिरपी झालेली लाकडी चौकटींची घरे, मधूनच स्टाउर नदीचा अरुंद प्रवाह, त्यावर नावा वल्हवणारी तरुण मुले आणि या सगळ्यावर उंच उठलेला कॅथीड्रलचा मनोरा. सन 597 मध्ये संत ऑगस्टिन धर्मप्रसारासाठी याच भागात आला. 29 डिसेंबर 1170 रोजी आर्चबिशप टॉमस बेकेट यांचा खून याच कॅथीड्रलमध्ये झाला. तेव्हापासून शतकानुशतके यात्रेकरू इथे येत राहिले. पंढरीच्या वाटेवर जशा कथा-कीर्तनांच्या संगतीने पावले पडतात, तशीच गोष्टी सांगत वाट चालणारी माणसे चॉसर या कवीने आपल्या काव्यात रंगवली, तीही कँटरबरीलाच निघालेली होती.

गोष्टी सांगण्याची ही परंपरा शहराने पुढेही जपली. शेक्सपिअरचा समकालीन नाटककार क्रिस्टोफर मार्लो याचा जन्म 1564 मध्ये इथलाच. रूपर्ट हे मुलांचे लाडके अस्वल 1920 मध्ये वृत्तपत्रात अवतरले, त्याची निर्माती मेरी टूर्टेल हीसुद्धा कँटरबरीचीच लेक. आणि शहरापासून चार-एक किलोमीटरवरच्या ब्लीन गावात, गुरे बांधण्याच्या एका रिकाम्या गोठ्यात, दोन मित्रांनी जी चित्रे आणि बाहुल्या हलवल्या, त्यांनी ब्रिटनमधल्या मुलांच्या दोन पिढ्यांना दूरदर्शनच्या पडद्यासमोर खिळवून ठेवले.

ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन ही त्या दोघांची नावे. त्यांच्या संस्थेचे नाव स्मॉलफिल्म्स, म्हणजे 'छोटे चित्रपट'. नावाप्रमाणेच सारा कारभार छोटा होता.

काहीच न विकणारे दुकान

त्यांच्या साऱ्या निर्मितीत लोकांच्या मनात सर्वांत खोल रुतून बसला तो 'बॅगपस'. 12 फेब्रुवारी 1974 रोजी बीबीसीवर त्याचा पहिला भाग दिसला. एकूण भाग अवघे 13. पण ते पुढे इतकी वर्षे पुन्हा पुन्हा दाखवले गेले की मोठ्या बहिणीने पाहिलेले भाग धाकट्या भावानेही तितक्याच नवलाईने पाहिले.

गोष्ट साधी होती. एमिली नावाच्या एका मुलीचे एक दुकान असते, पण त्या दुकानात काहीही विकले जात नाही. हरवलेली, मोडलेली, कुणीतरी टाकून दिलेली वस्तू एमिलीला सापडते, ती तिथे आणून ठेवते आणि आपल्या लाडक्या बोक्याला हाक मारते. मग जुन्या फोटोसारख्या तपकिरी चित्रात हळूहळू रंग भरतात. सैल अंगाचा, गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांचा तो गलेलठ्ठ बोका जांभई देत जागा होतो. त्याच्याबरोबर दुकानातली बाकीची मंडळीही जागी होतात. आरामखुर्चीत बसणारी मॅडलीन ही चिंध्यांची बाहुली, बँजो वाजवणारा गेब्रिएल बेडूक, एका जुन्या वाद्याच्या पेटीवरचे उंदीर आणि प्राध्यापक याफल हा लाकडात कोरलेला सुतारपक्षी. हा याफल म्हणजे पुस्तके पडू नयेत म्हणून फळीवर त्यांना टेकू देणारा एक ठोकळा. स्वभावाने खडूस, सर्वज्ञ आणि सदा चिडलेला. तो रंगवताना पोस्टगेट यांच्या डोळ्यांपुढे बर्ट्रंड रसेल होते.

आता प्रश्न असा, की ही आणलेली वस्तू आहे तरी काय? बोका एक गोष्ट सांगतो, बाहुली आणि बेडूक गाणे म्हणतात, प्राध्यापक सगळे खोटे ठरवतात आणि उंदीर दंगा करत करत ती वस्तू धुऊन, पुसून, शिवून नवी करून टाकतात. एका भागात तर हे उंदीर एका गिरणीतून चॉकलेटची बिस्किटे काढून दाखवतात. प्राध्यापक थक्क होतात. शेवटी कळते, की उंदीर एकच बिस्कीट मागच्या बाजूने नेऊन पुन्हा पुढून बाहेर काढत होते! ही लबाडी पाहून हसलेली मुले आज आजी-आजोबा झाली आहेत, पण ते बिस्कीट विसरलेली नाहीत.

वस्तू दुरुस्त झाली की ती दुकानाच्या खिडकीत ठेवली जाई. तिचा धनी कधीतरी रस्त्याने जाईल, त्याला ती दिसेल आणि तो ती घेऊन जाईल, ही त्यामागची आशा. त्याच्याकडून एक पेनीही घ्यायची नाही. एवढे झाले की बोका पुन्हा जांभई देई, सगळे पुन्हा बाहुल्या होऊन जात, रंग विरून जाई आणि भाग संपे.

मुलांना त्यातून कुणी उपदेश केला नाही. हरवलेले सापडते, मोडलेले जोडता येते आणि आपल्या वस्तूची कुणीतरी काळजी घेत असते, एवढा विश्वास मात्र दर भागाच्या शेवटी त्यांच्या पदरात पडे.

बोक्याचा तो प्रसिद्ध गुलाबी रंगही चुकून लागलेला आहे. फर्मिन यांना हवा होता नारिंगी पट्ट्यांचा बोका. कापड रंगवायला दिले आणि रंगवणाऱ्यांकडून गफलत होऊन ते गुलाबी होऊन आले. फर्मिन यांनी ते परत पाठवले नाही. ही चूक म्हणजे आपले भाग्यच ठरले, असे ते पुढे हसत सांगत. मराठी वाचकांना आणखी एक गंमत वाटेल. या बोक्याची अगदी पहिली कल्पना हिंदुस्थानातल्या फौजेतून निवृत्त झालेल्या मांजराची होती आणि ते राहणार होते पुण्यातल्या मुलांच्या इस्पितळात, असे सांगतात. तो बेत मागे पडला. पुणे हुकले आणि बोका केंट परगण्यातल्या एका खिडकीत जाऊन झोपला.

टेकडीपलीकडचा गोठा

ती खिडकी होती ब्लीन गावातली, फर्मिन यांच्या स्वतःच्या घराची. कँटरबरीहून उत्तरेला व्हिट्स्टेबल या समुद्रकाठच्या गावाकडे जाणारा रस्ता टेकडी चढतो. टेकडीवर केंट विद्यापीठाचा परिसर आहे. मागे वळून पाहिले तर सगळे शहर आणि मधोमध कॅथीड्रल असे सुरेख दृश्य दिसते. टेकडी ओलांडली की ब्लीन लागते. गाव रस्त्याच्या कडेने लांबट पसरलेले. भोवती शेते, फळबागा आणि इंग्लंडमधल्या जुन्या अरण्यांपैकी एक असलेले ब्लीनचे जंगल. या जंगलाच्या एका भागात जुलै 2022 मध्ये युरोपियन गवे आणून सोडण्यात आले, त्यामुळे हल्ली निसर्गप्रेमी मंडळीही इकडे वळतात.

प्रवाशाने मोठ्या स्टुडिओची कल्पना मनात धरून येऊ नये. तसे इथे कधीच काही नव्हते. होता तो एक जुना गोठा. त्यात फर्मिन चित्रे काढत, बाहुल्या घडवत आणि पोस्टगेट त्यांचे चित्रण करत. पोस्टगेट गोष्ट लिहायचे, कॅमेरा चालवायचे, निवेदन करायचे आणि निम्म्याअधिक पात्रांचे आवाजही स्वतःच काढायचे. फर्मिन यांची पत्नी जोन विणकाम आणि शिवणकाम करायची. 'बॅगपस'मधली मॅडलीन बाहुली तिनेच शिवलेली. सुरुवातीला दिसणारी एमिली ही फर्मिन दांपत्याच्या सहा मुलींपैकी एक.

बाहुली हलवून चित्रपट करण्याचे तंत्र मोठ्या चिकाटीचे असते. बाहुलीचा हात केसभर हलवायचा, एक चित्र घ्यायचे. पुन्हा केसभर हलवायचा, पुन्हा एक चित्र. अशी शेकडो चित्रे झाली की पडद्यावर बाहुलीने एक कप उचललेला दिसतो. पोस्टगेट यांनी कॅमेऱ्याची कळ दाबायची युक्ती घरच्या घरी बनवली होती. मेकॅनोचे सुटे भाग, दोरे, तारा, पुठ्ठे, जे हाताशी असेल ते त्यांच्या कामी येई. या दोघांच्या हातून दिवसाला दोन मिनिटांपर्यंतचे चित्रण पुरे होई. नेहमीच्या स्टुडिओत निघणाऱ्या कामाच्या हा वेग दहापट होता. वाहिनीकडून मिळणारे पैसे जेमतेम असल्याने भराभर काम उरकण्यावाचून इलाजही नव्हता. मात्र हा वेग पडद्यावर कुठे जाणवत नसे. तिथे सगळे कसे निवांत, दुपारच्या झोपेतून उठल्यासारखे.

आगळे दोघे

दोघांची घडण मात्र अगदी निराळी. पोस्टगेट यांचा जन्म 1925 चा, लंडनजवळच्या हेंडनचा. घराणे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचे आणि चळवळ्यांचे. वडील रेमंड पोस्टगेट पत्रकार आणि इतिहासलेखक. ब्रिटनमधल्या खाणावळींची चोख पारख करणारी प्रसिद्ध मार्गदर्शिका त्यांनीच सुरू केली. आईचे वडील जॉर्ज लान्सबरी, मजूर पक्षाचे नेते आणि कट्टर शांततावादी. 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीजी पूर्व लंडनमधल्या ज्या किंग्जली हॉलमध्ये उतरले होते, तो लान्सबरींच्याच मतदारसंघातला.

आजोबांचा वारसा नातवाने चालवला. दुसऱ्या महायुद्धात ऑलिव्हर यांनी हाती शस्त्र घ्यायला नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगवास पत्करला. युद्धानंतर जर्मनीत जाऊन रेडक्रॉसच्या मदतकार्यात भाग घेतला. मग नट होण्याचा प्रयत्न, नाना उद्योग आणि 1957 मध्ये एका दूरदर्शन कंपनीत रंगमंच व्यवस्थापकाची नोकरी. तिथे मुलांचे कार्यक्रम पाहून त्यांना वाटले, याहून चांगले आपण करू शकू. चित्रे काढायला माणूस हवा होता. लंडनच्या एका कलाशाळेत शिकवणारे पीटर फर्मिन त्यांना भेटले आणि जोडी जमली.

फर्मिन हे 1928 मध्ये हार्विच या बंदराच्या गावी जन्मलेले. मितभाषी, हाताने काम करण्यात रमणारे. चित्रकला, लाकडावरचे कोरीवकाम, बाहुल्या, छपाई, काहीही द्या. बेझिल ब्रश हा पुढे ब्रिटनभर गाजलेला बोलका कोल्हा मुळात त्यांच्याच हातचा. एकाकडे शब्द आणि आवाज, दुसऱ्याकडे रेषा आणि आकार. दोघांच्या कामाची वाटणी इतकी साफ होती, की भागीदारी तीस वर्षांच्या आसपास टिकली.

त्यांच्या कल्पनाही अशाच हिंडता-फिरता सापडलेल्या. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये स्कॉटलंडच्या लुइस बेटावर सापडलेली बुद्धिबळाची जुनी सोंगटी-फौज आहे. मोठाल्या डोळ्यांचे, काहीसे गोंधळल्यासारखे दिसणारे राजे आणि इतर मोहरे. त्यांच्यावरून 'नॉगिन द नॉग' या उत्तरेकडच्या भल्या राजाची मालिका सुचली. ती 1959 मध्ये बीबीसीवर आली. राजा साधा, लाजाळू, आणि त्याचा दुष्ट काका नॉगबॅड सतत कारस्थानात गुंतलेला. पुढे 1994 मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने नॉगिनवर तिकीट काढले, त्याचे चित्रही फर्मिन यांनीच काढले.

खेकड्या-शिंपल्यांची आगगाडी

ब्लीनहून व्हिट्स्टेबलपर्यंत पायी किंवा सायकलने जाता येते. ही वाट प्रवाशाने चुकवू नये. 3 मे 1830 रोजी कँटरबरी ते व्हिट्स्टेबल अशी आगगाडी सुरू झाली होती. जगातल्या अगदी सुरुवातीच्या रेल्वेमार्गांपैकी हा एक. मुंबई-ठाणे गाडी धावण्याच्या 23 वर्षे आधीचा. व्हिट्स्टेबलचे खेकडे आणि शिंपले प्रसिद्ध, म्हणून लोकांनी या गाडीला त्यांचेच नाव दिले. 1931 मध्ये प्रवासी वाहतूक थांबली, पुढे मालगाड्याही बंद झाल्या. 1999 मध्ये याच मार्गाचा आधार घेऊन पायवाट खुली झाली. वाटेत शेतांच्या मधोमध ब्लीनचे जुने चर्च एकटेच उभे दिसते. आसपास पक्ष्यांच्या आवाजाखेरीज काही नसते.

या वाटेवर चालताना स्मॉलफिल्म्सच्या चाहत्यांना हटकून आठवतो तो 'आयव्हर'. खरे तर आयव्हर हे छोटे हिरवे इंजिन वेल्स प्रांतातले. पोस्टगेट यांना एकेकाळी रेल्वेत काम केलेल्या एका वेल्श माणसाकडून पहाटे इंजिन पेटवण्याच्या गोष्टी ऐकायला मिळाल्या होत्या, त्यातून ते जन्मले. 1959 मध्ये सुरू झालेली ती स्मॉलफिल्म्सची पहिलीच मालिका. आयव्हरला गाणाऱ्यांच्या मंडळात सामील व्हायचे असते, कारण त्याच्या शिट्टीला सूर असतो. ड्रायव्हर जोन्स त्याच्यासाठी खटपट करतो. इंजिनाचा 'भक् भक्' आवाज कुठल्या यंत्राचा नव्हता, तो पोस्टगेट स्वतः तोंडाने काढत. मूळ भाग काळे-पांढरे. पुढे 1975 ते 1977 या काळात रंगीत भाग निघाले, त्यात सर्कशीतली ॲलिस नावाची हत्तीण आहे. तिचा माहूत भारतीय आहे आणि त्याचे नाव आहे बानी मुकर्जी!

जुन्या मार्गावर धावलेले खरे इंजिन, 'इन्व्हिक्टा', स्टीफनसन यांच्या कारखान्यातले. कँटरबरीच्या संग्रहालयात अनेक वर्षे उभे असलेले हे इंजिन 2019 मध्ये व्हिट्स्टेबलच्या संग्रहालयात हलवले गेले. लहान मुले त्याच्या चाकांना न्याहाळत उभी राहतात आणि त्यांचे आजोबा हळूच तोंडाने वाफेचा आवाज काढून दाखवतात.

चंद्रावरचे उंदीर

20 जुलै 1969 रोजी माणूस चंद्रावर उतरला. त्यानंतर चारच महिन्यांनी, 16 नोव्हेंबरला, ब्लीनच्या गोठ्यातून ब्रिटनच्या घराघरांत एक दुसराच ग्रह अवतरला. त्यावर 'क्लँगर्स' राहत होते. लांब नाकाचे, गुलाबी लोकरीचे उंदरासारखे प्राणी. ते विणले होते जोन फर्मिन यांनी. जमिनीखालच्या बिळांत त्यांची घरे. बिळांवर लोखंडी झाकणे. ती आपटली की 'क्लँग' असा आवाज होई, म्हणून ते क्लँगर्स. खायला सूप, ते रांधणारी एक ड्रॅगन, संगीत पिकवणारी झाडे आणि एक लोखंडी कोंबडी, असा त्यांचा शेजार.

हे प्राणी शिट्ट्यांत बोलत. पण पोस्टगेट यांनी त्यांचे प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत नीट लिहून काढले होते आणि मग त्याच चढउतारांनी शिट्टी वाजवली जाई. परदेशात हे भाग दाखवले तेव्हा पाहणाऱ्यांना हे प्राणी आपलीच भाषा बोलत आहेत असे वाटले, अशी आठवण पोस्टगेट सांगत. कुटुंब कसे बोलते, आई रागावली की आवाज कसा चढतो, पोर हट्टाला पेटले की सूर कसा लांबतो, हे साऱ्या जगात सारखेच!

अवकाशातून माणसाने टाकलेला कचरा, हरवलेले अंतराळवीर, वाट चुकलेले पाहुणे असे काहीबाही या ग्रहावर येऊन पडे. क्लँगर्स घाबरत, मग पाहुण्याला सूप पाजत. युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार देणाऱ्या माणसाने लिहिलेली ही गोष्ट होती, हे कळल्यावर मोठी माणसे आज ते भाग निराळ्या नजरेने पाहतात. 1980 च्या दशकात पोस्टगेट यांनी अण्वस्त्रांविरुद्ध लेखणी चालवली, तेव्हाही सूर तोच होता. ओरडायचे नाही, शांतपणे विचारायचे, की हे शहाणपणाचे आहे का?

दिवस पालटले

1984 मध्ये या जोडीने 'टॉटी' ही बाहुल्यांच्या घराची मालिका केली. तिचा आधार होता रूमर गॉडन यांचे पुस्तक. गॉडन यांचे बालपण बंगालमध्ये गेले होते आणि भारतावर त्यांनी पुष्कळ लिहिले आहे. पण तोवर काळ बदलत चालला होता. मुलांना आता वेग हवा, भडक रंग हवेत, विकता येतील अशी खेळणी हवीत, असे हिशेब दूरदर्शनच्या कचेऱ्यांत मांडले जाऊ लागले. दोन माणसांनी गोठ्यात बसून काहीतरी करावे आणि बीबीसीने ते विश्वासाने दाखवावे, हे दिवस सरले. 1980 चे दशक संपता संपता गोठ्यातला कॅमेरा थांबला.

काम थांबले, तेव्हा पोस्टगेट साठीच्या घरात होते. माणूस कडवट व्हायला एवढे पुरेसे असते. त्यांनी रंग आणि कुंचला हाती घेतला. 1987 मध्ये केंट विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली, तेव्हा ही पदवी खरे तर बॅगपसचीच आहे असे त्यांनी सांगितले आणि बोका पदवीधराच्या पोशाखात मिरवला! त्याच विद्यापीठाच्या एलियट कॉलेजच्या सभागृहासाठी त्यांनी कँटरबरीचा सारा इतिहास एका तीन भागांच्या चित्रात मांडला. पडद्यावरच्या गोष्टी बंद झाल्या, तर त्यांनी भिंतीवर गोष्ट सांगितली.

आणि मग एक नवल घडले. एव्हाना ती मुले मोठी झाली होती. नोकरीला लागली, संसारात पडली, त्यांना स्वतःची मुले झाली. 1999 मध्ये बीबीसीने प्रेक्षकांचा कौल घेतला, तेव्हा मुलांच्या सर्व कार्यक्रमांत पहिला नंबर आला 'बॅगपस'चा. फक्त 13 भागांच्या, पंचवीस वर्षे जुन्या मालिकेचा! त्या काळात नोकरीधंद्यासाठी भारतातून गेलेल्या, त्यांत मराठीही आल्या, अशा कुटुंबांची मुलेही याच मांजरावर वाढली होती. घरात वरण-भात आणि पडद्यावर क्लँगर्सचे सूप.

आपल्याकडे 1990 च्या दशकात रविवारी सकाळी मोगलीसाठी रस्ते ओस पडत. त्या पिढीतल्या कुणालाही हा जिव्हाळा समजावून सांगावा लागणार नाही. लहानपणी ऐकलेला आवाज पुन्हा कानी पडला की माणूस क्षणभर पुन्हा आईच्या शेजारी, सतरंजीवर, पडद्याकडे तोंड करून बसतो.

समुद्राकाठी शेवट

व्हिट्स्टेबलहून किनाऱ्याने जाणारी गाडी मार्गेटवरून ब्रॉडस्टेअर्सला पोचते. अर्धचंद्राकृती वाळूचा किनारा, वर कड्यावर चार्ल्स डिकन्स ज्या घरात उतरत ते घर. पोस्टगेट यांचे उत्तरायुष्य या गावात गेले. 8 डिसेंबर 2008 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी, इथेच त्यांचे निधन झाले. त्या दिवशी ब्रिटनमधल्या अनेकांना आपल्या घरातले गोष्ट सांगणारे माणूस गेल्यासारखे वाटले. त्यांचा तो किंचित खरखरीत, मुलाला बरोबरीने वागवणारा आवाज कुणी विसरू शकत नव्हते.

फर्मिन मागे राहिले. 2011 मध्ये कँटरबरीने त्यांना शहराचा सन्मान दिला. 2014 मध्ये बाफ्टाचा विशेष पुरस्कार मिळाला. 2015 मध्ये क्लँगर्स नव्या रूपात पडद्यावर परतले, तेव्हा त्या कामात ते आणि पोस्टगेट यांचा मुलगा डॅनियल दोघेही होते. प्राणी अजूनही लोकरीचेच होते आणि शिट्ट्याही त्याच! 1 जुलै 2018 रोजी, वयाच्या 89 व्या वर्षी, फर्मिन यांनीही डोळे मिटले.

त्याच वर्षी कँटरबरीच्या स्टाउर स्ट्रीटवरचे जुने संग्रहालयही बंद झाले. नदीकाठच्या, मध्ययुगात गरीब धर्मगुरूंसाठी बांधलेल्या इमारतीत ते होते. रूपर्ट अस्वलाचे दालन तिथे होते, इन्व्हिक्टा इंजिन तिथे होते आणि काचेच्या कपाटात खरा बॅगपस आणि क्लँगर्स तिथे होते. त्या कपाटासमोर दोन्ही पिढ्यांची माणसे थबकत. मुले पाहून पुढे पळत आणि आई-बाप मात्र जागचे हलत नसत. इतिहासप्रेमींना संग्रहालय बंद झाल्याची हळहळ वाटली, तशीच या आई-बापांनाही वाटली.

पण बोक्याचे नशीब थोर. 2016 मध्येच लंडनच्या बालसंग्रहालयात स्मॉलफिल्म्सच्या वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले होते आणि त्यांची किंमत सर्वांना कळून चुकली होती. गोठ्यातले पुठ्ठे, तारा, लोकर आणि चुकून गुलाबी झालेले कापड हा आता देशाचा ठेवा मानला जातो.

एमिलीच्या दुकानात हरवलेली वस्तू दुरुस्त करून खिडकीत ठेवत, तिचा धनी येईल म्हणून. आता तो बोकाच काचेआड बसतो, आणि त्याचे धनी दुरून दुरून येतात. केस पांढरे झालेले, कुणाचे गुडघे दुखणारे, कुणी नातवाचे बोट धरलेले. ते काचेला नाक लावून उभे राहतात. बोका झोपलेलाच असतो. त्याला हाक मारायची इच्छा होते, पण आजूबाजूला माणसे असतात, म्हणून बहुतेक जण मनातल्या मनातच मारतात.

जाण्यापूर्वी

लंडनच्या सेंट पँक्रासहून कँटरबरी वेस्टला वेगवान गाडीने सुमारे एक तास लागतो. व्हिक्टोरियाहून कँटरबरी ईस्टला जाणाऱ्या गाडीला वेळ अधिक लागतो. शहरातून व्हिट्स्टेबलकडे जाणाऱ्या बसने ब्लीन गाठता येते. जुन्या रेल्वेमार्गाची पायवाट साधारण 12 किलोमीटरची आहे, सायकलने ती अर्ध्या दिवसात आरामात होते. फर्मिन यांचे घर आणि गोठा ही खासगी जागा असल्याने तिथे जाऊन दार ठोठावू नये, गाव बाहेरूनच पाहावे. शहराच्या मुख्य रस्त्यावरचे बीनी हे संग्रहालय आणि व्हिट्स्टेबलचे संग्रहालय पाहण्याजोगे आहे. मात्र मांडणी बदलत असते, म्हणून बोका कुठे मुक्कामाला आहे याची आधी चौकशी करावी. मे ते सप्टेंबर हा काळ हवामानाच्या दृष्टीने उत्तम. तरी छत्री बरोबर असू द्यावी, हे इंग्लंडला जाणाऱ्या कुणाला सांगायला नकोच.